केबलचं दुसरं टोक

…आणि वर म्हणतात कसे, केबलला हात लावायचा नाही! अहो, नेटवर्क इंजिनियरांच्या ट्रेनिंगला आलोय ना आम्ही? पाच दिवसांचं ट्रेनिंग, 'डेटा सेंटर नेटवर्किंगची मूलतत्त्वं', दारावर तसा कागद चिकटवलाय, एक कोपरा सुटलाय त्याचा, आणि पहिल्याच सकाळी मास्तर आम्हा बारा जणांना एका टेबलाभोवती उभं करतात, टेबलावर एक केबल, दोन हात लांब, पिवळी, पोस्टमॉर्टेमला ठेवल्यासारखी सरळ, आणि विचारतात, "सांगा… काय दिसतंय?"

आता तुम्हीच सांगा, काय दिसणार? केबल दिसणार!

एक चष्मेवाला म्हणाला, "सर, फायबर." मास्तरांनी मान हलवली, नाही. दुसरा म्हणाला, "सर, पिवळी." नाही. तिसरा म्हणाला, "सर, नवी आहे." नाही. मला वाटलं जरा गंमत करावी, मी म्हणालो, "सर, एकटी." कोणी हसलं नाही. मास्तर मात्र माझ्याकडे बघतच राहिले, इतका वेळ, की मला वाटलं हे आता मला विचारणार, बाळ, घरी सगळं ठीक आहे ना. मग त्यांनी दोन्ही हातांची दोन बोटं केबलच्या दोन कडांना ठेवली आणि म्हणाले, "टोकं… दोन… असतात. एका टोकाला हात लावायच्या आधी… दुसरं टोक बघून यायचं."

बस. झालं लेक्चर. चहा.

मास्तर म्हणजे तुम्हाला सांगतो, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण कंपनीनं सोडलं नाही की त्यांनी कंपनीला सोडलं नाही हे कोणालाच ठाऊक नाही. शर्टाच्या खिशात पेन नाही, लेबल छापायचं छोटं मशीन. डोळ्यासमोर बिनलेबलाची केबल दिसली की या माणसाचं रक्त खवळतं. दोन्ही टोकांना लेबल हवं, इकडच्या टोकाला तिकडचा पत्ता, तिकडच्या टोकाला इकडचा. चप्पल काढून ठेवली तरी दोन्हींवर लेबल. डावीवर 'जोडी उजवीशी', उजवीवर 'जोडी डावीशी'. खोटं वाटेल तुम्हाला, मी वाचलंय.

तुम्ही म्हणाल, एवढा वैताग होता तर उठून जायचं. तिथंच तर सगळी गोची आहे हो!

झालं काय, की आमच्या कंपनीनं नवं डेटा सेंटर बांधलं. कुठं? जगात एवढ्या जागा पडल्यात, आणि बांधलं ते माझ्या गावात! गावात म्हणजे किती गावात, तर आमच्या घराच्या मागच्या रस्त्यावर जुनं कापसाचं गोदाम होतं, तिथं. घरापासून चालत आठ मिनिटं! मी मोजलीत, त्या गोदामाशेजारीच माझी शाळा होती. आणि कंपनीचं पत्रक आलं, की ट्रेनिंगच्या शेवटच्या दिवशी प्रॅक्टिकल होईल, आणि बारा जणांत जो पहिला येईल त्याला नवं सेंटर सांभाळायला मिळेल. एकच जागा. घरापासून आठ मिनिटं. आणि मी घर सोडून झालीत चार वर्षं.

चार वर्षं काय असतात सांगू? मी जिथं राहतो तिथं शेजारी कोण राहतं मला माहीत नाही. समोरच्या भिंतीवर एक खिळा आहे, त्याला मी काहीही अडकवलेलं नाही. चार वर्षं! म्हणजे मी मनातून अजून उतरलेलोच नाही हो तिथं, सामान घेऊन नुसता उभा आहे. आणि झोप येत नाही, ते वेगळंच. कारण आमची आई शिवणकाम करते. बाबा गेल्यापासून ती आणि तिचं शिलाई मशीन, दोघंच. मी लहानपणापासून त्या मशीनच्या आवाजावर झोपलेला माणूस. खोलीच्या त्या टोकाला मशीन, या टोकाला माझी कॉट. टकटकटकटक सुरू झालं की माझे डोळे मिटायचे, मशीन थांबलं की दचकून जाग! आता मी फोनवर शिलाई मशीनचा आवाज लावून झोपायचा प्रयत्न करतो, पण ते मशीन दुसऱ्याच कोणाच्या तरी आईचं आहे, लगेच कळतं.

तर पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन.

"काय रे, शिकवलं का काही?"

म्हटलं, "शिकवलं. केबलला दोन टोकं असतात."

"अगंबाई! एवढ्यासाठी लांबून बोलावलं तुम्हाला? दोऱ्यालाही दोनच असतात. दुसरं टोक आधी धरून ठेवावं लागतं, नाहीतर गाठच बसत नाही." आणि लगेच, "पहिला येशील ना रे?"

"येतो की."

"नाही, मी सहज विचारलं. तुझ्या कॉटवर सध्या कापडाचे ढीग ठेवलेत. म्हणजे उचलायला मला दोन दिवस लागतील, म्हणून आपलं विचारलं."

सहज म्हणे! तुम्हाला सांगतो, आईचं 'सहज' हा जगातला सगळ्यात जड शब्द आहे.

बरं, आता प्रतिस्पर्धी. अकरा जणांतल्या दहांची मला काळजी नव्हती. ते वही काढणारे, तारीख घालणारे लोक. आणि अकराव्याची तर नव्हतीच नव्हती. अकरावा म्हणजे जांभई. खरं नाव काय ते हजेरीपटालाच माहीत. हा माणूस सकाळी नऊला यायचा, शेवटच्या बाकावर बसायचा, एक अशी जांभई द्यायचा की पुढच्या दोन रांगांना लागण व्हायची, आणि मग जो झोपायचा तो थेट चहाला उठायचा. मास्तर शिकवतायत की आयपी ॲड्रेस म्हणजे घराचा पत्ता, बदलू शकतो, आणि मॅक ॲड्रेस म्हणजे जन्मखूण, बदलत नाही, आणि मागून घुर्रर्र… घुर्रर्र…

आता माझ्या स्वभावाचा एक दोष आहे. झोपलेला माणूस आणि लेबलाचं मशीन एकाच खोलीत असलं की माझ्यानं राहवत नाही. मंगळवारी मी त्याच्या पाठीवर लेबल चिकटवलं, 'स्पाइन २', म्हणजे कणा नंबर दोन. बुधवारी तो तेच घालून आला! तोच शर्ट, तेच लेबल. आणि मास्तरांनी त्याला बघितलं, लेबल वाचलं, आणि गंभीरपणे म्हणाले, "चांगलं आहे. पण दुसऱ्या टोकाला कुठंय?"

आणि ते स्पाइनवरून आठवलं, बुधवारचा तो तमाशा तर सांगायलाच हवा! मास्तर म्हणाले आज आपण नेटवर्क बघायचं नाही, आज नेटवर्क व्हायचं. मला वाटलं उपमा असेल. उपमा कसली! खुर्च्या बाजूला सारल्या, चार जणांना टेबलावर चढवलं, हे स्पाइन. उरलेल्या आठांना खाली उभं केलं, हे लीफ, म्हणजे पानं. प्रत्येक लीफकडून प्रत्येक स्पाइनकडे एक दोरी. खालच्यांनी आपसात बोलायचं नाही, वरच्यांनी आपसात बोलायचं नाही, खालच्यानं वरच्याला सांगायचं, वरच्यानं दुसऱ्या खालच्याला. मी म्हणालो, "सर, हे आमच्या घराण्यासारखं झालं. काका काकांशी बोलत नाहीत, चुलत भाऊ चुलत भावांशी बोलत नाहीत, सगळं आत्यामार्फत."

मास्तर म्हणाले, "आत्या किती?"

"एकच, सर."

"आजारी पडली तर?"

मास्तरच म्हणाले, "म्हणून स्पाइन चार."

मग चिठ्ठ्या दिल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक पत्ता. पत्ता कोणाचा माहीत नसेल तर काय करायचं? सगळ्यांना ओरडून विचारायचं. आणि ज्याला ओरडून विचारलं त्यालाही माहीत नसेल तर? त्यानं पुढं ओरडायचं. आता कोणीतरी, मी कोण ते सांगत नाही, दोन लीफच्या मध्ये एक जादा दोरी बांधून ठेवली होती. गुपचूप. सहज. बरं, पहिला ओरडला, "सतरा नंबर कोणाचा?" दुसरा ओरडला, "सतरा नंबर कोणाचा?" ते जादा दोरीवरून पहिल्याकडे परत आलं, त्याला वाटलं नवीनच प्रश्न आहे, तो पुन्हा ओरडला! वरचे ओरडले, खालचे ओरडले, टेबल हललं, चष्मेवाला रडकुंडीला, "सतरा! सतरा! सतरा कोणाचा हो!" शेजारच्या ऑफिसातली बाई दार उघडून म्हणाली, "माझा आहे सतरा, लॉकरचा, काय झालं?" आणि या सगळ्या कल्लोळात सतरा नंबरची चिठ्ठी ज्याच्या खिशात होती तो टेबलावर, स्पाइनच्या जागी, उभ्या उभ्या झोपला होता. जांभई!

मास्तरांनी सगळ्यांना गप्प केलं. म्हणाले, "याला लूप म्हणतात. प्रश्न फिरत राहतो… आणि ज्याच्याकडे उत्तर आहे, त्याच्यापर्यंत पोचत नाही." मग जादा दोरी हातात घेतली, एका टोकापासून बोटांनी चाचपत चाचपत चालत गेले, आणि ती संपली तिथं मी उभा. दोरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "टोकं दोन असतात, बाळ."

त्या दिवशी दुपारी त्यांनी आम्हाला खरा संगणक दिला. म्हणाले, पिंग करा. पिंग म्हणजे दूरच्या मशीनला नुसती हाक मारायची, आहेस का? ते म्हणतं, आहे. एवढंच. दहा जणांनी शेजारच्या खोलीला हाक मारली. मी कोणाला मारली असेल? नव्या सेंटरला. कापसाच्या गोदामाला. एंटर दाबलं… आणि उत्तर आलं. एकेचाळीस मिलिसेकंद.

एकेचाळीस मिलिसेकंद म्हणजे काय, माहितीय? पापणी लवायच्या आत! मला घरी जायला तीन बस बदलून अख्खा दिवस लागतो आणि उतरल्यावर पाय सुजतात. आणि माझं ते एवढंसं हाकेचं पॅकेट माझ्या घराच्या मागच्या रस्त्यावर जाऊन परतसुद्धा आलं! माझं डोकं कशानं फिरलं सांगू? परत आलं, यानं! अरे गाढवा, तिथवर गेला होतास, आठ मिनिटांवर घर, काय घाई होती परतायची? मी पुन्हा हाक मारली. एकेचाळीस. पुन्हा मारली. बेचाळीस. मला वाटलं, हा जरा रेंगाळला. हा माझ्यासारखा आहे. मग अर्धा तास मी नुसता हाका मारत बसलो. आहेस का? आहे. आहेस का? आहे. मास्तर मागं येऊन उभे राहिले ते कळलंच नाही मला. माझा चहा आणून टेबलावर ठेवला, कपाला लेबल होतं, आणि गेले.

आता गुरुवार. गुरुवारचं मला सांगायचं नव्हतं, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

गुरुवारी सगळ्यांना आपापला रॅक दिला. म्हणजे माणसाएवढं लोखंडी कपाट, त्यात स्विच, म्हणजे केबली जोडायचा डबा, त्यातून निघालेल्या पन्नास एक केबली, आणि प्रत्येक केबलीवर मास्तरांच्या हातचं लेबल. शुक्रवारी याच रॅकवर परीक्षा. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले. जांभई आपल्या रॅकला टेकून झोपला होता, तोंड उघडं, चेहऱ्यावर इतकं समाधान, की मला त्याचा राग आला. खरंच आला. चार वर्षं मला झोप नाही, आणि हा लोखंडाला टेकून झोपतो! मी काय केलं… त्याच्या रॅकमधल्या सात नंबरचं लेबल आठला लावलं, आणि आठचं सातला. फक्त इकडच्या टोकाला. एवढंच. म्हटलं, उद्या पठ्ठ्या दोन मिनिटं गोंधळेल, दुसरं टोक बघेल, कळेल. कोणालाही कळेल! चार दिवस दुसरं काय शिकवलंय आम्हाला?

शुक्रवार. मास्तर म्हणाले, "प्रत्येकाच्या रॅकमध्ये एक केबल मी खराब केलीय. ती शोधायची, तेवढीच काढायची, नवी लावायची."

चष्मेवाल्यानं विचारलं, "सर, चुकून चांगली काढली तर?"

"कळेल," मास्तर म्हणाले. नुसतं 'कळेल'.

मी रॅकसमोर उभा राहिलो, आणि तुम्हाला सांगतो, माझी पाचावर धारण बसली. कारण मला एकाही लेबलाचा भरवसा वाटेना! मी बदलू शकतो, तर आणखी कोणी का नाही? चष्मेवाला साधा दिसतो, पण साधी माणसंच असली कामं करतात. मग मी काय केलं, लेबल वाचायचंच सोडून दिलं. एकेक केबल चिमटीत धरली आणि तिच्या मागं निघालो. वर शिडीवरून, मागून खाली, फरशीचा पत्रा उचलून जमिनीखाली पोटावर सरपटत. शर्ट गेला, कोपर सोललं, तोंडात कोणत्या जमान्यातली धूळ. पण प्रत्येक केबलीचं दुसरं टोक बघितलं. अकराव्या केबलीला, जमिनीखाली, खुर्चीचा पाय ठेवून दाबल्यासारखी घडी पडलेली. तीच! काढली, नवी लावली, दिवा हिरवा. एकोणीस मिनिटं! बाकीचे अजून लेबलं वाचतायत. पहिला! मी पहिला!

मी तिथूनच, जमिनीखालूनच, फोन लावला. "आई, ढीग उचल!"

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज. मग म्हणाली, "ते मी सोमवारीच उचलले रे. नवी चादर पण घातलीय. पडदा तेवढा शिवायचा राहिलाय."

आणि एवढ्यात… अंधार. पंखे बंद, संगणक बंद, दाराचं कुलूप कार्डावर चालणारं, तेही बंद. आम्ही तेरा जण आत, चहा बाहेर. काय झालं? जांभईची खराब केबल होती सात नंबरची. तपासणीच्या यंत्रानं त्याला तसं बरोबर दाखवलं होतं. यानं एक जांभई दिली, सात नंबरचं लेबल वाचलं, आणि ओढली. ती खरं तर आठ होती. आणि आठवर आमची अख्खी खोली चालत होती! चाळीस मिनिटं कोंडून होतो. दाराच्या काचेतून शेजारच्या ऑफिसातली ती सतरा नंबरवाली बाई आमचा चहा पिताना दिसत होती.

दिवे आल्यावर निकाल. मास्तर उभे राहिले. "पहिला," माझ्याकडे बोट. "नवं सेंटर आता हा सांभाळेल."

टाळ्या! माझे डोळे भरले हो. मला पडदा दिसायला लागला, कॉट, मशीन, टकटकटकटक…

"इथून," मास्तर म्हणाले.

मी म्हटलं, "इथून निघायचं कधी, सर?"

"निघायचं नाही. इथून सांभाळायचं. नव्या सेंटरमध्ये माणसं नसतात, बाळ. दिवेसुद्धा बंद असतात. माणूस आत गेला की उकाडा वाढतो. तिथल्या सगळ्या मशीनांची दोरी इथं, शेजारच्या खोलीत. उत्तम खुर्ची आहे."

अहो, पत्रकात 'सांभाळायला' लिहिलं होतं! कुठून, हे मी विचारलंच नव्हतं. मी! पाच दिवस दोन टोकं दोन टोकं ऐकलेला मी, एवढं महत्त्वाचं दुसरं टोक बघायचं विसरलो!

"मात्र," मास्तर पुढं म्हणाले, "केबल लावायला, काढायला तिथं एक हात लागतो. डोकं इथलं, हात तिथला. त्या कामाला आपण नेहमी शेवटी आलेल्याला पाठवतो. त्याला केबलींची सवय व्हायला हवी."

सगळ्यांनी मागं वळून बघितलं. जांभई झोपला होता.

मी धावलो. मास्तरांना कॉरिडॉरमध्ये गाठलं, वॉटर कूलरपाशी. म्हटलं, "सर! कबुली द्यायचीय! ती लेबलं मी बदलली होती. सात आणि आठ. जांभईचा काही दोष नाही. मी फसवणूक केली. मला शेवटचा नंबर द्या सर! मला शिक्षा करा! तिकडे पाठवा!"

मास्तरांनी ग्लास भरला, प्यायले, ग्लासवरचं लेबल नीट दाबलं. "मला गुरुवारीच माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बघायचं होतं, कोण दुसरं टोक बघतो. बारा जणांत एकट्या तुला कळलं, की लेबल खोटं असू शकतं. तसला माणूस मला या खुर्चीवर हवा होता." माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आणि तू आपण होऊन सांगितलंस… तेव्हा आता दुसऱ्या कोणाचा विचार करायलाच नको."

"सर, निदान किती दिवस?"

तेव्हा पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा हलला. "मीही असंच विचारलं होतं," म्हणाले. "माझं गाव… छप्पन मिलिसेकंद आहे." आणि गेले.

आता आईला काय सांगायचं? मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तो मुलगा येणार आहे, त्याची राहायची सोय झालीय का रे?"

"आई, नाही हं. नाही!"

"अरे, परक्या गावात कुठं जाईल बिचारा. ढीग उचललेच आहेत. चादरही घातलीय. पडदासुद्धा शिवून झालाय आता."

म्हणजे बघा तुम्ही. लेबलं मी बदलली. माझ्या हातानं. सातचं आठला आणि आठचं सातला. आणि जांभई माझ्या कॉटवर, आणि मी त्याच्या टेकायच्या रॅकशेजारी!

सात महिने झाले. जांभईला आमचं घर मानवलंय. आई म्हणते वजन वाढलंय त्याचं. तो लहानपणापासून वसतिगृहातच वाढला म्हणे, कोणी 'जेवलास का' असं विचारलं की आधी मागं वळून बघतो, दुसऱ्या कोणाला विचारतायत का. आता अशा माणसाचा राग तरी कसा करायचा? मीही विचारायचं ठरवलं होतं, की कॉट कधी रिकामी करतोस. फोन केला, तर तोच म्हणाला, "तुला एक सांगू? काकूंच्या मशीनचा आवाज सुरू झाला ना, की काय झोप लागते रे!"

मी म्हटलं, "माहितीय."

आणि माझी खुर्ची खरंच उत्तम आहे हो. समोर पडदा, पडद्यावर माझं गाव. हिरवे ठिपके. मला माझ्या गावचं सगळं कळतं. आई फोनवर म्हणते, "आज फार उकडतंय," मी म्हणतो, "हो, सेंटरमध्ये येणारी हवाच एकतीस अंश आहे." ती म्हणते, "दिवे गेले रे आत्ता," मी म्हणतो, "आलेही बघ." ती म्हणते, "अगंबाई, आले!" मला गावातलं सगळं दिसतं, फक्त कोणीच माणूस दिसत नाही.

परवा फोनवर म्हणाली, "अरे, याला तुमच्या मास्तरांनी ते मशीन दिलंय ना, चिठ्ठ्यांचं. यानं घरभर लावल्यात. डब्यांना, चाव्यांना, माझ्या कात्रीलासुद्धा. आता तुझ्या कॉटला लावायचीय म्हणतो. दोन्ही टोकांना लावतात म्हणे. उशाकडं तुझं नाव लावलंय. पायथ्याशी काय लिहू विचारत होता. म्हणजे, कुठं जातं ते."

आता काय सांगणार? बरं, मी विनोदी माणूस. एरवी मला पटकन काहीतरी सुचतं. सुचलंच नाही. भिंतीवरच्या त्या खिळ्यासारखं झालं, आहे, पण अडकवायला काही नाही. शेवटी म्हटलं, "आई, ज्या जागेत सध्या काही लावलेलं नसतं, पण दुसऱ्या कोणाला द्यायची नसते ना, तिथं आम्ही 'राखीव' लिहितो."

"बरं. राखीव." मशीनची बटणं दाबल्याचा आवाज आला. "लावलं. छान दिसतंय. हा उठला की दाखवते त्याला."

म्हणजे तो त्या वेळीही कॉटवरच होता!

आणि तेवढ्यात माझ्या पडद्यावर एक हिरवा ठिपका लाल. तिसऱ्या रॅकमधली केबल सुटलेली. मी म्हटलं, "आई, जांभईला उठव. सेंटरला जायचंय, आत्ताच्या आत्ता."

"आत्ताच डोळा लागलाय रे त्याचा."

"आई, केबल सुटलीय!"

"मग मी जाऊन लावू का? दोराच तर आहे. दुसरं टोक कुठंय तेवढं सांग."

"आई, तुला आत सोडणार नाहीत. कार्ड लागतं. हे कंपनीच्या माणसाचंच काम आहे."

"हो का?" म्हणाली. मागं शिलाई मशीन टकटकटकटक सुरू झालेलं, घुर्रर्र घुर्रर्र सुरू झालेलं. "मग तू तर कंपनीचाच आहेस ना रे. तूच ये की. आठ मिनिटांवर तर आहे."

आता तुम्हीच सांगा! टोकं दोन असतात… आणि तिच्या टोकाकडून आठच मिनिटं आहेत हो.